मूळ मुक्काम

दादाचं पत्र आलं तेव्हा त्याने ते गाडीतच वाचलं, पुन्हा घडी घातली आणि समोरच्या कप्प्यात ठेवून दिलं. उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. पत्र चार ओळींचं होतं. ‘शेडमधली तुझ्या गाडीची जागा अजून मोकळी आहे. येणार असशील तर ठेवतो, नाहीतर तिथे भिंत घालून खोली काढतो. कळव.’ पण मायन्यापाशीच घोडं अडलं. भांडून घर सोडलेल्या माणसाने ‘तीर्थरूप दादास’ कोणत्या तोंडाने लिहायचं? आणि ‘प्रिय दादा’ लिहावं तर दादा म्हणाला असता, हा कुठल्या सिनेमातून आला? असं करता करता पत्रावर पंक्चरच्या पावत्या साठल्या आणि उत्तर राहिलं ते राहिलंच.

भाड्याची गाडी चालवणाऱ्यांत त्याला सगळे ‘गोगल’ म्हणत. नवख्यांना वाटे, काळ्या चष्म्यावरून पडलं असेल. चष्मा त्याचा साधा नंबराचा होता. नाव गोगलगायीवरून पडलं होतं. त्याची गाडी कधी घाईत दिसली नाही. म्हणूनच म्हातारी, आजारी, पोटुशी अशी गिऱ्हाइकं त्याच्याकडे टिकून होती. त्यातल्या मोठ्या बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना डायलिसिससाठी हॉस्पिटलात न्यायचं, बाहेर थांबायचं आणि परत घरी सोडायचं. बाहेर येताना बाईंचे पाय लटपटत, तेव्हा दाराशी गोगल उभा असे.

मग देशभरासाठी तो नवा कायदा झाला.

कायद्यामागचा हेतू वाईट नव्हता. मोबाइलवर बोलावल्या जाणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या स्टेशनाबाहेर घोटाळत राहत आणि स्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांच्या तोंडचं गिऱ्हाईक पळवत. टॅक्सीवाल्यांनी संप केला, संसदेत गदारोळ झाला आणि ठरलं की टॅक्सीने स्टँडवर थांबावं, पण इतर प्रत्येक भाडोत्री गाडीने प्रवासी उतरला की आधी आपल्या ‘मूळ मुक्कामी’ परत जावं, मगच पुढचं भाडं घ्यावं. रस्त्यावर थांबणं बंद. गाडीत एक डबी बसवली गेली. गाडी मुक्कामी पोचली की ती ‘टिंग’ करी.

कंपन्यांनी विमानतळाशेजारचं मैदान भाड्याने घेतलं, तोच आपला मूळ मुक्काम म्हणून नोंदवला आणि त्यांचं चाललं होतं तसंच चालू राहिलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं ठणठणीत राहिलं आणि ओलं तेवढं जळलं.

“मूळ मुक्काम!” मोठ्या बाई मागच्या सीटवर हसल्या. “अरे, त्या मुक्कामाला आधी माझा नंबर आहे. तू कुठे घुसतोस?”

गोगलला हसू आलं नाही. हॉस्पिटलबाहेर थांबल्याबद्दल त्याला एकदा ताकीद मिळाली होती. पुन्हा सापडला तर परवाना जाणार होता. आणि परवान्यावर मूळ मुक्काम लिहिला होता दादाचं अंगण. दोघं भाऊ एकच गाडी आळीपाळीने चालवत तेव्हा लिहिलेला पत्ता दर नूतनीकरणाला तसाच पुढे सरकत आला होता. बिऱ्हाड बदललं, अबोला धरला, पण कागदावर तो अजून भावाच्या घरीच नांदत होता.

परिवहन कार्यालयातल्या खिडकीवर एक बाई होत्या.

“पत्ता बदलायचाय? मग आधीच्या जागामालकाचं पत्र आणा. ‘या वाहनाला इथे जागा नाही’ असं लिहून, खाली सही.”

“मालक माझा भाऊ आहे.”

“मग सोपंच आहे की.”

गोगल जरा घुटमळला. “तुम्हाला भाऊ आहे का हो?”

“आहे,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “म्हणूनच सांगते, सही घ्या. तोंडी कबूल केलेलं काही खरं नसतं.”

सही मागायला जायचं धैर्य होईना आणि परवाना तर टिकवायला हवा. मग त्याने एक युक्ती काढली. मोठ्या बाईंना हॉस्पिटलात सोडायचं, दोन वळणं घेऊन दादाच्या फाटकाशी जायचं, गाडीचं नाक आत घालायचं, टिंग झालं की मागे घ्यायचं आणि पसार व्हायचं. नंतर थांबायला बंदी, म्हणून बाईंचं होईपर्यंत तो गल्लीबोळांतून उगाच चकरा मारी. पानवाल्याने विचारलंसुद्धा, “काय गोगलशेठ, काही हरवलंय का?”

असं किती दिवस चालणार? एकदा टिंग लवकर होईना म्हणून गाडी अख्खी आत घातली तर समोर दादा उभा. गाडी मागे घ्यावी तर फाटक वहिनीने लावून घेतलेलं.

“पत्राचं उत्तर देत नाहीस,” दादा म्हणाला, “आणि येता-जाता फाटकाला नाक लावून पळतोस. पोस्टमनसुद्धा बेल वाजवतो रे.”

“कायदा आहे, दादा.”

“कसला?”

“गाडी मूळ मुक्कामी आणायचा.”

“जिवंतांसाठी आहे ना?”

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. गोगल मात्र चिडला. “तुला चेष्टा सुचतेय. माझा परवाना जायची वेळ आलीय. एक सही दे, तूही सुटशील, मीही सुटेन.”

“काय लिहून देऊ?”

“या गाडीला इथे जागा नाही म्हणून.”

दादाने शेडकडे बोट केलं. पत्र्याखालची जागा झाडून स्वच्छ ठेवलेली होती. कडेला विटांचा ढीग होता, त्यावर शेवाळ धरलं होतं.

“विटा कधीच्या आणून ठेवल्यात. तुझं उत्तर येईना म्हणून भिंत घालता येईना. आणि आता मीच लिहून देऊ, जागा नाही? सरकारला खोटं?”

“जुनी गाडी मला न विचारता भंगारात काढलीस, तेव्हा नाही सुचलं हे?”

“तिचा तळाचा पत्रा गळून पडत होता! विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“म्हणालोच असतो!”

“म्हणूनच नाही विचारलं!”

दोघंही लाल झाले. इतकी वर्षं मनात घोकलेलं भांडण असं चार वाक्यांत संपलं.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “थांबायला बंदी आहे ती रस्त्यावर. शेडमध्ये थांबायलाही आहे का?”

गोगलने मनाशी हिशेब मांडला. हॉस्पिटल दोन वळणांवर. आणि तो धडपडत होता मुक्काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या बिऱ्हाडी न्यायला. म्हणजे बाईंना सोडून अर्धं शहर रिकामं तुडवायचं आणि तसंच परत यायचं, तेही सही मिळाली तर. काखेत कळसा नि गावाला वळसा. आपण मूर्ख की कायदा, हे त्याला ठरवता येईना. दोघांना मिळून पुरेल एवढा मूर्खपणा तिथे नक्की होता.

त्या दिवशी गाडी शेडमध्ये राहिली, आणि मोठ्या बाईंना आणायला तो वेळेवर दाराशी होता.

तो पुन्हा खिडकीवर गेला. “पत्ता बदलायचा नाही. आहे तोच राहू दे.”

“मग जागा वापरत असल्याचं मालकाला लेखी कळवा. पोस्टाने. पोस्टाची पावती इथे जोडा.”

“अहो, मी रोज त्याच्या अंगणात असतो! तो समोर खुर्ची टाकून बसतो!”

“कलमात ‘टपालाने’ असं आहे.”

तो तणतणत पोस्टात गेला. दोरीला बांधलेलं पेन धरलं आणि पुन्हा मायन्यापाशी अडला.

“काका, कादंबरी लिहिताय का?” रांगेतून कोणीतरी म्हणालं.

वैतागून त्याने लिहून टाकलं. ‘तीर्थरूप दादास. तुझं पत्र पोचलं. जागा ठेव. भिंत घालू नकोस. विटा कोणाला तरी देऊन टाक, गाडी वळवताना लागतात. धाकटा.’

पाकीट चिकटवून त्याने ते काचेखालून आत सरकवलं. आतल्या माणसाने शिक्का मारला आणि पावती फाडून दिली.