दोन बेचाळिसांचा रस्ता

मित्रांनो, मी एक रस्ता आहे. जुना आहे, आणि इतका लांब, की माझ्या एका टोकाला लोक छत्र्या उघडतात तेव्हा दुसऱ्या टोकाला दोरीवरचे कपडे कडकडीत वाळलेले असतात. एक टोक समुद्राला टेकलेले, दुसरे डोंगराच्या पायथ्याशी. मध्ये शेते, वस्त्या, एक नदी आणि एक बाजारगाव.

तुम्ही म्हणाल, रस्त्याला कसली काळजी? तो आपला पडून असतो. तसे नाही हो. जो पडून असतो त्याला सगळे दिसते. चेंडू घरंगळत माझ्यावर आला की मी आधी गाड्यांकडे बघतो, कारण चेंडूच्या मागून कोण धावत येणार हे मला ठाऊक असते. एखादी आई मुलाला गाड्यांच्या बाजूला ठेवून चालू लागली, की मला ओरडावेसे वाटते, अगं, हात बदल, त्याला आतल्या बाजूला घे! पण रस्त्याला बोलता येत नाही. लोक त्याच्यावरून बोलत जातात, तेवढेच.

सुरुवातीला मला नावच नव्हते. मी होतो बैलांच्या खुरांनी पडलेली वाट. समुद्राकडून मीठ वर जायचे, डोंगरातून लाकूड खाली यायचे. म्हणून डोंगराकडचे लोक मला मीठवाट म्हणत आणि समुद्राकडचे लाकूडवाट. एकाच बाळाला आजोळी एका नावाने हाक मारतात आणि घरी दुसऱ्या, तसे. त्यात कुणाचे काही अडले नाही. सगळे मला पायांनी ओळखत होते.

मग साखळ्या घेऊन मोजणीदार आले. त्यांनी माझी वळणे सरळ केली, ओढ्यांवर मोऱ्या बांधल्या, नदीवर दगडी पूल बांधला, खडी पसरली आणि रूळ फिरवला. रूळ फिरताना रस्त्याला गुदगुल्या होतात असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. अंग ठेचून निघते. पण त्यानंतर मी वाट राहिलो नाही, रस्ता झालो. पुढे डांबर आले आणि मला सरकारी नंबर मिळाला, राज्य मार्ग एकोणीस. कडेने किलोमीटरचे दगड रोवले गेले, पांढऱ्या अंगाचे आणि हिरव्या टोपीचे. मोजणी बंदरापासून सुरू व्हायची. तिथे शून्य, डोंगराच्या पायथ्याशी एकशे दहा.

ते माझे चांगले दिवस होते. थोड्या थोड्या अंतरावर एकेक मैलकुली नेमलेला असे. तो माझे खड्डे लहान असतानाच बुजवी, पावसाळ्याआधी चर मोकळे करी, कडेच्या झाडांना चुना लावी. ट्रकवाले म्हणत, "या रस्त्यावर पोटातलं पाणी हलत नाही." मी ते ऐकून मनातल्या मनात फुलून जात असे. पुढे मैलकुली म्हातारे झाले, एकेक करून घरी बसले, आणि त्यांच्या जागी कुणी आले नाही. खड्डे मात्र येत राहिले.

माझ्या बेचाळिसाव्या दगडापाशी एक पंक्चरवाला राहू लागला. पत्र्याचे दुकान, मागे दोन खोल्या, दारात टायरांची माळ टांगलेली. त्याने माझ्या दगडाला दर वर्षी रंग द्यायला सुरुवात केली आणि त्याच्या पायाशी दुकानाकडे जाणारा बाण काढला. हळूहळू तिथे चहाची टपरी आली, चार घरे झाली. त्या वस्तीला दुसरे नाव कुणी ठेवलेच नाही. बसचा कंडक्टर ओरडायचा, "चला, बेचाळीसवाले, पुढे सरका!" पंक्चरवाल्याला मुलगी झाली तेव्हा लोक म्हणाले, बेचाळीसवर मुलगी झाली. तिचे लाडाचे नाव चिमी.

मग वरच्या कचेरीत कुणीतरी नकाशा पसरला. डोंगराच्या पायथ्याचे गाव आता शहर झाले होते. तिथे कचेऱ्या होत्या, मोठे इस्पितळ होते. तेव्हा ठरले, मोजणी शहरापासून करायची. माझा नंबरही बदलला. मी राज्य मार्ग एकशे सात झालो. बाजारगावाला वळसा घालणारा एक नवा तुकडा मला जोडला. त्याला बायपास म्हणतात. गावातून जाणारा माझा जुना तुकडा तसाच राहिला, फक्त त्याचा नंबर काढून घेतला.

नवे दगड रोवायचे काम एका ठेकेदाराला मिळाले. त्याने ते मनापासून केले. तीच पांढरी अंगे, त्याच हिरव्या टोप्या. पण जुन्या दगडापाशी त्याचा मुकादम थबकला आणि म्हणाला, "साहेब, हे उपटायचे ना?"

"आपल्या कामात रोवणं आहे," ठेकेदार म्हणाला. "उपटण्याचं काम वेगळं निघणार आहे."

ते काम अजून निघतेच आहे.

आणि म्हणून, मित्रांनो, माझ्या अंगावर दोन बेचाळीस झाले. एक समुद्राकडून मोजलेला, चिमीच्या दारातला. दुसरा शहराकडून मोजलेला, मोकळ्या रानातला. दोघांमध्ये सव्वीस किलोमीटर. मला तेव्हाच धास्ती वाटली होती. पण लोक हसण्यावारी न्यायचे. पाहुणे भलतीकडे उतरायचे, लाकडाचा ट्रक रानात जाऊन उभा राहायचा, आणि संध्याकाळी टपरीवर त्याच्याच गमती चालायच्या.

एका दुपारी मात्र कुणी हसले नाही.

पंक्चरवाला टायर आणायला बंदराकडे गेला होता. घरी चिमी, तिची आई आणि आजी. चिमी तीन वर्षांची. तिची छाती सकाळपासून भरली होती. आईने वाफ दिली, डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप दिला, पाठीवर हात फिरवला. दुपारी चिमीने खेळणे सोडले. मग पाणी नको म्हणाली. मग काहीच म्हणेना. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले आणि ओठांचा रंग बदलला. आईने फ्रॉक वर करून पोट पाहिले, पुन्हा पाहिले, आणि इस्पितळात फोन लावला.

"ॲम्ब्युलन्स पाठवा. मुलीला श्वास घेता येत नाहीये. राज्य मार्गावर, बेचाळीसच्या दगडापाशी."

"ऑक्सिजन घेऊनच गाडी निघतेय," पलीकडून उत्तर आले. "मुलीला आडवं करू नका. बसतं ठेवा."

गाडी खरोखर लगेच निघाली. ड्रायव्हर त्या गाडीवर नवा होता. त्याने मला नव्या दगडांनीच ओळखले होते. मी त्याची चाके माझ्या पाठीवर मोजत होतो. तीस, पस्तीस, चाळीस. आणि बेचाळीसला ती थांबली. रानात. मला दोन्ही ठिकाणी एकाच वेळी असावे लागते. इकडे एक आई दगडाशेजारी उभी राहून माझ्या वळणाकडे डोळे लावून होती, तिकडे एक ड्रायव्हर खाली उतरून चारी बाजूंना पाहत होता, आणि त्या दोघांनाही माहीत नसलेली गोष्ट मला माहीत होती.

"ताई, मी आलोय. तुम्ही कुठे आहात?" त्याने फोनवर विचारले.

"अहो, मी बेचाळीसवरच उभी आहे!"

"मीही बेचाळीसवरच आहे."

"हात लावलाय मी दगडाला!"

"मीसुद्धा, ताई."

आजी मागून म्हणाली, "टायरांची माळ दिसते का, विचार त्याला. एवढी मोठी माळ. आंधळ्यालाही दिसेल."

"इथे माळही नाही आणि घरही नाही," ड्रायव्हर म्हणाला. "नुसतं रान आहे. एक म्हैस आहे."

चिमीच्या आईने डोळे मिटले आणि उघडले. "दगडावर वर काय लिहिलंय? बेचाळीसच्या वर?"

"एकशे सात."

तिने वाकून आपल्या दगडावरचा रंग नखाने खरवडला. खाली एकोणीस होते. तिला कळले. तिचा आवाज एकदम खाली आला. "दादा, तुम्ही नव्या बेचाळीसवर आहात. आम्ही जुन्यावर. अजून सव्वीस किलोमीटर."

"निघालो," तो म्हणाला. "पण रस्ता खराब आहे. अर्धा-पाऊण तास तरी धरा."

तिने चिमीकडे पाहिले. अर्धा तास नव्हता तिच्याकडे. टपरीपुढे भाजीवाल्या तात्यांचा टेम्पो उभा होता. भाजीचे रिकामे क्रेट घेऊन ते परत निघाले होते.

"तात्या, उतरवा ते क्रेट. आपण समोरून जाऊ, वाटेत गाठू त्यांना."

"चल बस, पोरी. आत्ता बाजारगावातून काढतो गाडी."

ती एक पाय टेम्पोत ठेवून थांबली. मित्रांनो, तिच्या डोक्यात सतत वाईटच विचार येतात म्हणून घरचे तिला चिडवायचे. "हिला पोळी फुगली तरी भीती वाटते," असे आजी म्हणायची. त्या दिवशी तिच्या डोक्यात वाईट विचार आला आणि तो अगदी खरा होता. तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"दादा, तुम्ही गावातून येणार की बायपासने?"

"नकाशा बायपास दाखवतोय."

"मग चुकामूक होईल! आम्ही गावातून जाऊ, तुम्ही बाहेरून याल. पुढे खाली नदीकडे रेंजही नाही." तिने श्वास घेतला. "नदीवर पूल एकच आहे ना, तात्या?"

"एकच. आणि तो गावाच्या अलीकडे आहे. गावातून या, नाहीतर बायपासने, पूल ओलांडावाच लागतो."

"दादा, पुलावर भेटू."

"पुलाच्या अलीकडे थांबू की पलीकडे?"

"कुणाच्या अलीकडे? पुलावरच! मधोमध!"

फोन बंद झाला. टेम्पो निघाला. आजी पुढे बसली, आई चिमीला छातीशी उभी धरून. मी काय करू शकत होतो? मला माझा एकेक खड्डा आठवला आणि लाज वाटली. तात्या खड्डा आला की ब्रेक मारत, आणि प्रत्येक ब्रेकला चिमीचे डोके आईच्या खांद्यावर आपटे. चर तुंबल्याने एका ठिकाणी माझी अर्धी कडा वाहून गेली होती. तिथे तात्यांना एका बसला वाट द्यावी लागली. तिकडे ॲम्ब्युलन्स बायपासवर चढली. बायपासवर खड्डे नाहीत. पळ, मी म्हणत होतो. पळ बाबा.

टेम्पो आधी पोचला. पुलाच्या मधोमध थांबला. पूल अरुंद. मागे एक ट्रक आला आणि त्याने हॉर्न लावून धरला.

"ओ, पुलावर गाडी लावता? घरचा रस्ता आहे का?"

"हो, घरचाच आहे!" तात्यांनी खिडकीतून डोके काढले. "पोरीचा श्वास अडकलाय. हॉर्न बंद कर आधी."

ट्रकवाल्याने हॉर्न सोडला. मग तो खाली उतरला, पूल ओलांडून समोर गेला आणि दोन्ही हात पसरून त्या बाजूच्या गाड्या कडेला घ्यायला लावू लागला. कुणी त्याला तसे सांगितले नव्हते.

चिमीची आई कठड्यापाशी उभी होती. चिमीच्या नाकाजवळ बोट धरून ती फक्त बघत होती. आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आलेच बघ. आलेच बघ." सायरन माझ्या कानावर त्यांच्याआधी पडला. मग त्यांनाही ऐकू आला.

गाडी पुरती थांबायच्या आत सिस्टर उतरल्या. त्यांनी चिमीला आईच्या मांडीवर बसते केले आणि मास्क लावला. थोड्या वेळाने चिमीने मास्कला चापट मारली. मग दुसरी. मग तिने भोकाड पसरले.

"अगं, नको रडू, चिमे, दमशील," आई घाबरून म्हणाली.

"रडू दे हो," सिस्टर म्हणाल्या. "रडायला श्वास लागतो. इतका वेळ रडत नव्हती, तेव्हा घाबरायचं होतं."

आणि आता आईच रडू लागली. ड्रायव्हर तिच्यासमोर अवघडून उभा होता. "ताई, मी खरंच बेचाळीसवर उभा होतो हो," तो म्हणाला.

चिमी चार दिवस इस्पितळात राहिली आणि घरी आली. परत आल्यावर तिच्या बापाने घण उचलला आणि तो दारातला दगड फोडायला निघाला. आजीने त्याला अडवले. "त्याचं काय चुकलं? त्याला जो आकडा दिला, तो त्यानं धरून ठेवला." शेवटी चिमीच्या आईने ब्रश घेतला, बेचाळीसवर काट मारली आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत नव्या मोजणीचा आकडा लिहिला, अडुसष्ट. कंडक्टर अजून बेचाळीसच ओरडतो. ती दर वेळी बाहेर येऊन त्याला सांगते, "अडुसष्ट म्हणा, दादा, अडुसष्ट." तो हसतो. ती हसत नाही.

मित्रांनो, मला नवे डांबर नको, हारतुरे नकोत. माझे नाव बदलायचे असेल तर खुशाल बदला, मला आधीही पुष्कळ नावे होती. पण नवे लिहिताना जुने पुसत जा. माझा खड्डा लहान असतानाच बुजवा, चर मोकळे ठेवा. आणि आज शाळेतून घरी जाताना एवढे करा, तुमच्या घराजवळचा दगड बघा. तो कुठून मोजलाय, हे मोठ्यांना विचारा. त्यांना सांगता आले नाही, तर कुणाला तरी सांगता येईपर्यंत विचारत राहा.

कारण चिमीच्या आईने एकच दगड दुरुस्त केला. बाकीचे अजून माझ्या अंगावर तसेच आहेत. माझ्यावर पस्तीस दोन आहेत. एकापाशी नुसती झाडी आहे. दुसऱ्यापाशी, मित्रांनो, बालवाडी आहे.