मोहरदऱ्याची चौकी

आसाराममामाने नव्या घराचा नकाशा भाचीकडून काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मोहरदऱ्यात त्याची बरीच चेष्टा झाली. शिकाऊ पोरीच्या हाती घर देतोस का, असं लोक तोंडावर विचारायचे. मामा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "माजी भाची नगरला आर्किटेक्टचं शिकती. तिच्या नकाशाबिगर मी कुदळ लावनार न्हाई."

त्या भाचीचे, आरतीचे वडील ती शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून तिसगावातलं त्यांचं घर मामाच्याच आधाराने उभं राहिलं होतं. पेरणी, दवाखाना, आरतीचं कॉलेज, आईने प्रत्येक गोष्ट आधी भावाला विचारायची आणि मग करायची. त्यामुळे मामाचं घर आपल्या हातून होणार म्हटल्यावर आरतीला रात्र-रात्र झोप लागेना. तिने स्वयंपाकघर पूर्वेला काढलं, मामीला चुलीपासून गोठा दिसेल अशी खिडकी काढली, अंगदची खोली रस्त्याच्या अंगाला घेतली. अंगद मामाचा एकुलता, आरतीहून दोन वर्षांनी लहान. मापं घेताना टेपचं दुसरं टोक तोच धरायचा. फक्कीने जमिनीवर खोल्या आखल्या त्या दिवशी तो पांढऱ्या रेघांच्या आत उताणा झोपला आणि म्हणाला, "ताई, माजी खोली लई बारकी केली गं. लग्न झाल्यावर काय करू?"

चौथ्या वर्षाच्या त्या सत्रात कॉलेजात एकाच गावातल्या दोन इमारती करायच्या होत्या. एक घर आणि एक सार्वजनिक. सार्वजनिक म्हणून वर्गातल्या बहुतेकांनी वाचनालयं आणि दवाखाने घेतले. आरतीने मोहरदऱ्याची पोलीस चौकी घेतली. ती पडायला आली होती. पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे ओटा. तक्रार घेऊन आलेली बाई त्या ओट्यावर, सगळ्या रस्त्याच्या देखत बसायची, आणि निम्म्या बायका तेवढ्यानेच माघारी फिरायच्या. आरतीने हे लहानपणापासून पाहिलं होतं.

उन्हाळ्यातल्या एका बाजारच्या दिवशी अंगदने तिला मोटारसायकलवरून चौकीसमोर सोडलं. वाटेत त्याने मोबाईलवरचा एक व्हिडिओ दाखवला. पोरं पळवणारी टोळी तालुक्यात शिरली आहे, धार लावायचं, भंगार घ्यायचं निमित्त करून घराघरांत जाते, असं त्यात कुणीतरी ओरडून सांगत होतं.

"खोटंय रे हे," आरती म्हणाली. "मागच्या वर्षी हाच व्हिडिओ दुसऱ्या जिल्ह्याच्या नावानं फिरत होता."

"तुला नगरला बसून काय कळतंय? शेवग्याच्या मळ्यातलं पोरगं सकाळधरनं सापडत न्हाई म्हनं." एवढं बोलून तो घराच्या पायाच्या कामावर निघून गेला.

चौकीत हवालदार गहिनीनाथ एकटेच होते. जोडीदार बाजाराच्या बंदोबस्ताला गेला होता. निवृत्तीला आलेला, पोट सुटलेला, बोलका माणूस. आरती भिंती मोजत होती आणि ते खुर्चीवरून सूचना देत होते. "पोरी, नव्या चौकीत बायांसाठी मोरी काढ बरं का. आमच्या लेडीज कॉन्स्टेबलला समोरच्या घरी जावं लागतंय."

दुपार कलायला लागली असेल. एक टेम्पो ओट्याला जवळजवळ धडकूनच थांबला. गावातला कल्याण खाली उतरला आणि हौद्यातून त्याने एका माणसाला हाताला धरून खाली घेतलं. माणसाचं डोकं फुटलं होतं, सदरा पोटापर्यंत भिजला होता. त्याच्यामागे एक बाई उतरली. तिची एक बाही उसवून लोंबत होती.

"शाळंजवळ धरलं हुतं ह्यांना," कल्याण धापा टाकत म्हणाला. "मी कसंबसं काडलं. मागनं समदा बाजार येतोय. तुमी बघा आता." आणि तो टेम्पो वळवून निघूनही गेला.

माणसाचं नाव भिमाजी, बाईचं भागूबाई. करमाळ्याकडची नवरा-बायको. विळ्या-खुरप्यांना धार लावत गावोगाव फिरणारी. रडणाऱ्या एका पोराच्या हातावर भिमाजीने गोळी ठेवली होती आणि कुणीतरी बाई किंचाळली होती. एवढंच झालं होतं. भागूबाई ते पुन्हापुन्हा सांगत होती, "नुसती गोळी दिली हो, लिमलेटची गोळी." भिमाजीच्या कानातून रक्त येत होतं.

गहिनीनाथांनी तालुक्याच्या ठाण्याला फोन लावला. गाडी निघते म्हणाले. त्यांनी तिघांना मागच्या खोलीत घातलं, जप्तीचा माल ठेवायच्या खोलीत. "आरती, आतून कडी लाव. मी सांगितल्याबिगर काडायची न्हाई."

त्या खोलीला वर एक झरोका होता, बाकी काही नाही. आरतीने तासाभरापूर्वीच त्याची नोंद केली होती. आता तिला फक्त आवाज ऐकू येत होते. आधी मोटारसायकली, मग पावलं, मग एकच मोठा कालवा, ज्यातला शब्द वेगळा काढता येत नव्हता. त्यावर गहिनीनाथांचा आवाज आला. "ही सरकारी जागा हाय. ज्याला तक्रार द्यायची त्यानं एकट्यानं म्होरं या. लिवून घेतो." कुणीतरी हसलं. मग पत्र्यावर पहिला दगड पडला, आणि मग इतके पडले की भागूबाईने दोन्ही हात नवऱ्याच्या डोक्यावर धरले.

काहीतरी जड ओट्यावर कोसळलं. आरतीने कडी काढली आणि बाहेरच्या खोलीत आली. गहिनीनाथ उंबऱ्यात पडले होते. अर्धे आत, अर्धे बाहेर. बाहेरून दोघं त्यांचे पाय ओढत होते आणि तिसरा त्यांच्या बरगड्यांवर लाथा घालत होता. आरतीने त्यांच्या काखेत हात घातले. तिला ओढवेना. मग मागून भागूबाई आली, तिने पट्ट्याला धरलं, आणि दोघींनी त्यांना आत खेचून घेतलं. एक बूट बाहेरच्यांच्या हातात राहिला. दार लावताना आरतीची दोन बोटं चौकटीत सापडली. ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

टेबल दाराला लावलं, त्यावर लोखंडी कपाट पाडलं. दार जुन्या फळ्यांचं. पहिल्याच घावाला टिकावाचं टोक आत आलं. दुसऱ्या घावाला फळी फाटली आणि फटीतून एक डोळा दिसला, आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "हायेत, हायेत." वरचा पत्रा उचकटला गेला. उन्हाचा झोत आत पडला आणि त्याच्यामागे दगड. एक आरतीच्या खांद्यावर बसला. गहिनीनाथ जमिनीवर पडल्या पडल्या वायरलेसच्या बटणावर बोट दाबत होते आणि त्यांच्या तोंडातून नुसता फेस येत होता.

दार पडलं. कपाटावर चढून सगळ्यात आधी जो आत आला तो अंगद होता.

त्याच्या हातात पहार होती. मामाच्या पायाच्या कामावरची. तिच्या टोकाला अजून फक्की लागलेली होती. हत्यारं जवळ होती म्हणून लोकांनी तीच उचलली होती. अंगदला आरती दिसली आणि तो जागीच थांबला. चौकीत तिला आपणच सकाळी सोडलं, हे त्याला त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"ताई, तू भाईर ये," तो म्हणाला.

"अंगद, ह्यांनी काही केलं नाही. पहार टाक."

"भाईर ये म्हनतो ना."

त्याने तिचं मनगट धरलं आणि ओढलं. आरतीचा दुसरा हात भागूबाईच्या हातात होता. तो तिने सोडला नाही. कुणीतरी त्या दोघींच्या हातांवर काठी मारली, तरी सोडला नाही. अंगद एका हाताने वाट काढत ओरडत होता, "माजी बहीन हाय, सरका, माजी बहीन हाय," आणि लोक सरकत होते. अशा त्या दोघी बाहेर आल्या. गर्दीच्या कडेला, समोरच्या घराच्या भिंतीशी अंगदने तिला सोडलं. भागूबाईकडे त्याने पाहिलंही नाही.

"हितनं हालू नको," तो म्हणाला. आणि परत आत गेला.

आरतीने त्याचा सदरा धरला होता. तो फाटून तिच्या मुठीत राहिला. ती मागून धावली, पण गर्दीने तिला पाडलं, आणि पडलेल्या जागेवरून, माणसांच्या पायांमधून, तिला चौकीचं फुटलेलं दार दिसत होतं. त्यांनी भिमाजीला फरफटत ओट्यावर आणलं. त्याने हात जोडले होते. कुणी काठीने, कुणी दगडाने, कुणी नुसत्या चपलेने मारत होतं. अंगदने पहार दोन्ही हातांनी उचलली. एकदा मारली आणि परत उचलली. बाजूचे दोघं मागे सरले, कारण त्यांच्या तोंडावर उडालं होतं.

भागूबाई मागे भिंतीशी उभी राहून ते पाहत होती.

पोलिसांची गाडी आली आणि हवेत गोळी झाडली तेव्हा गर्दी दोन्ही बाजूंच्या बोळांत विरघळून गेली. ओट्यावर भिमाजी मरून पडला होता. शेवग्याच्या मळ्यातलं ते पोरगं संध्याकाळी आजोळी सापडलं. न सांगता चालत गेलं होतं.

मोहरदऱ्यात कुणीच काही पाहिलं नव्हतं. दुकानं बंद होती, लोक रानात होते, आवाज ऐकला पण बाहेर आलो नाही, असं घरोघरी पोलिसांना सांगितलं गेलं. गहिनीनाथ नगरला दवाखान्यात बेशुद्ध होते. भागूबाईला कुणाचे चेहरे नीट सांगता येत नव्हते.

मामा दुसऱ्याच दिवशी सकाळी तिसगावला आला. त्याने चहा घेतला नाही. दाराशीच खाली बसला, बहिणीच्या पायाशी.

"पोरीला सांग," तो आईला म्हणाला. "चुकलं त्याचं. म्या त्याला जित्ता न्हाई सोडनार. पन फौजदाराला नाव नको. त्यानंच तिला भाईर काडलं. न्हाईतर आज तुज्या दारात काय असतं?"

आईने आरतीकडे पाहिलं. आरतीची बोटं बांधलेली होती, खांदा काळानिळा.

"मामा, मला त्यानं काढलं," आरती म्हणाली. "आणि मग तो परत आत गेला. ते मी पाहिलं."

"पाहिलं तर पाहिलं. बोलायचं कशाला?"

"तिच्या नवऱ्याला त्यानं पहारीनं मारलं, मामा. तो हात जोडून बसला होता."

मामा उठला आणि त्याने तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आई मध्ये पडली नाही. आरती गाल धरून उभी राहिली, मग आत गेली, ओढणी घेतली आणि तालुक्याला, पाथर्डीला जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसली. ठाण्यात तिने चार नावं सांगितली. पहिलं अंगदचं. त्याच रात्री चौघांना अटक झाली.

पुढच्या बाजारला मामीने तिला भाजीच्या ओळीत गाठलं. चप्पल हातात घेऊनच आली होती. डोक्यात, तोंडावर, पाठीवर, हात दमेपर्यंत मारलं. "गिळलास माजा एकुलता, गिळलास," एवढंच म्हणत होती. भाजीवाल्या बायका बघत राहिल्या. आरतीने हात वर केला नाही. मामी मारता मारता खाली बसली आणि तिथेच रडली. आरतीने वाकून तिची पडलेली पिशवी उचलून दिली, तर मामीने ती आरतीच्याच अंगावर फेकली.

मामाने जेसीबी लावून पायाचे चर बुजवून टाकले. सोडलेल्या त्या जागेत त्याने पुढे कडबा रचला.

ओळखपरेड नगरच्या जेलात झाली. ओळीत अंगद मधोमध उभा होता, केस कापलेले, गाल आत गेलेले. आरतीने त्याच्यासमोर थांबून हात केला. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुला म्या काडलं हुतं."

"व्हय, अंगद," ती म्हणाली. तिचा हात तसाच राहिला.

कॉलेजात सत्र संपताना तिने चौकीचे नकाशे लावले. परीक्षकांनी विचारलं की एवढ्याशा चौकीला एवढ्या जाड भिंती आणि मागे दुसरा रस्ता कशाला, हा किल्ला वाटतो, लोकांना चौकी आपली वाटायला हवी. आरतीने खूप काही ठरवून ठेवलं होतं. तिला एवढंच बोलता आलं की सर, मी आत होते. तिला मार्क बरे पडले. आपल्यावर दया करून दिले का, हे तिला कधीच कळलं नाही.

वर्ष उलटल्यावर खटला उभा राहिला. आई तोपर्यंत तिच्याशी कामापुरतं बोलत होती. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पण डोळ्याला डोळा देत नव्हती. भावाच्या घरी जाणं बंद झालं होतं. रक्षाबंधनाला ती मोहरदऱ्याच्या फाट्यापर्यंत गेली आणि राखी घेऊन परत आली. साक्षीच्या दिवशी मात्र ती पहाटे उठून तयार होती. कुठे निघालीस, असं आरतीने विचारलं नाही. दोघी एसटीत शेजारी बसून गेल्या.

कोर्टाच्या व्हरांड्यात दोन बाकं होती. एकावर मामा, मामी आणि गावची माणसं बसली होती. मामा वाळला होता. दुसऱ्यावर भागूबाई एकटी होती, आणि तिच्याजवळ काठी टेकून गहिनीनाथ. त्यांना आता एका कानाने ऐकू येत नव्हतं.

आई व्हरांड्याच्या तोंडाशी थांबली. मामाने वर पाहिलं आणि बहिणीला बसायला म्हणून थोडा सरकला. आईने पदर सारखा केला. मग ती चालत जाऊन भागूबाईच्या शेजारी बसली आणि आपल्या मांडीवरची पिशवी बाजूला करून आरतीला जागा दिली.

मामाने तोंड फिरवलं. मामी मोठ्याने काहीतरी बोलली, ते शिपायाने दटावून थांबवलं.

आतून आरतीच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली. भागूबाईने तिचा हात धरला नाही. तिने फक्त आरतीला जाता यावं म्हणून आपले पाय आवरून घेतले.