दिवाळसणाची लादी

जावई झाला म्हणून सासूच्या घराला कुजकं म्हणायचं? आमचे नंदकिशोर पाय धुवायला मोरीत गेले आणि ओल्या पायांनीच माजघरात येऊन उभे राहिले. म्हणे, लादी पायाखाली दबते, खालची तुळई कुजलीय, क्षमाला आजच घेऊन जातो.

माझ्या क्षमाला सातवा सरलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि हे तिला उचलून नेणार! सगळं पार्लं तोंडात पदर धरून हसलं असतं. क्षमाच्या डोळ्यांना धार लागली.

"ट्रंक भरू नकोस. आधी मला बघू दे," मी म्हटलं.

पण मनात चर्र झालं होतं. तुळई खरंच गेली असती, तर पोरीला मीच ठेवून घेतलं नसतं.

मोरीच्या बरोबर खाली आमच्या भाडेकरणीचं, शेवंतीचं स्वयंपाकघर. दाभण घेऊन मी खाली गेले.

"काय काकू, छत शिवताय की काय?"

"तुझं तोंड शिवते. स्टूल धर आधी."

तुळईला जागोजागी दाभण टोचलं. टोक आत जाईना. लाकूड ठणठणीत, ओलीचा डागसुद्धा नाही. तिथंच स्टुलावर माझा जीव भांड्यात पडला.

वर येऊन मोरीतल्या लाद्या बत्त्यानं ठोकल्या. सगळ्या भरीव वाजल्या, बंबाजवळची एकच पोकळ. जावई दारात हाताची घडी घालून उभे, म्हणून पहार त्यांच्याच हातात दिली. लादी उचकटली तर खाली चुन्याचा पत्ता नाही. नुसती धुतलेली रेती आणि पाणी जायच्या भोकापर्यंत खळगा.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ही लादी गेल्या दिवाळीत, जावयांच्याच दिवाळसणासाठी नवी बसवलेली. चुना घट्ट होईपर्यंत पाणी ओतू नका, असं सहदेव गवंडी बजावून गेला होता. म्हणून मी अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. तर हे रुसून बसले. जावयाला उघड्यावर न्हाऊ घालता? शेवटी मोरीतच बसले आणि अख्खा बंब रिकामा केला.

क्षमानं डोळे पुसले आणि खुदकन हसली. जावई खळग्याकडे बघत म्हणाले, "मग आता?"

"आता ऐका, जावईबापू. घर माझं पक्कं आहे. चुना गेला तो तुमच्या रुसव्यापायी. क्षमा इथंच राहील, सहदेव लादी पुन्हा बसवेल. आणि ती वाळायच्या आत आलात, तर अंगणातल्या पाटावर मुकाट्यानं आंघोळ करायची. रांगोळीसुद्धा मिळणार नाही!"