पंगतीतली पाठ

माइक हातात आला की निकिता काही औरच व्हायची. दहावीत आल्यापासून तिचा गळा असा मोकळा झाला होता, की अनसिंगच्या शाळेत सूत्रसंचालन म्हटलं की तीच. यंदा गॅदरिंगला पोरं ‘जावई आला खिडकीतून’ हे जुनं विनोदी नाटक करणार होती. पडदा उघडेपर्यंत निकितानं त्या नाटकावरच्या दोन्ही सिनेमांचे किस्से सांगायचे होते. मोबाइलवर जुन्या मुलाखती ऐकून तिनं ते जमवले होते.

पहिल्या रांगेत तिचा आबा, रामकिसन, बसला होता. नातीला ऐकायला केनवडहून आलेला, डोक्यावर कडक टोपी. पहिल्या सिनेमातल्या लग्नाच्या पंगतीचं शूटिंग केनवडला झालं होतं आणि पडद्यावर दिसणारी पाठ आपली, हे आबानं गावभर सांगून ठेवलं होतं. आताही शेजारच्या फुलसिंगकाकांना तेच ऐकवणं चाललं होतं.

“दुसऱ्या, रंगीत सिनेमात जावई खिडकीतून पडतो ना,” निकिता म्हणाली, “तेव्हा खाली गादीच टाकायची राहून गेली! त्याचं ते कळवळणं एकदम खरं आहे!”

काय हशा पिकला! निकिताला अजून हवा होता.

“आणि पहिल्या सिनेमातली पंगत? ती केनवडची नाहीच! केनवडला दिग्दर्शक ‘कट, कट’ ओरडतोय आणि मंडळी जेवतायत! परत शूटिंग करायला भातच उरला नाही. मग मुंबईत स्टुडिओत नवी पंगत बसवली. दिग्दर्शकाचा सहायक मुलाखतीत म्हणतो, असं भुक्कड गाव पाहिलं नाही! म्हणजे आबा, ती पाठ तुझी नाहीच!”

मंडप दणाणला. फुलसिंगकाकांनी आबाला कोपर मारलं, “काय रे रामकिसन, सिनेमाच खाऊन टाकला का बे?”

आबाही हसला. पण हसता हसता त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि निकितानं माइक खाली घेतला. हा किस्सा तिला आठवडाभर माहीत होता. फोन करून आबाला विचारता आलं असतं. तिनं तो हशासाठी राखून ठेवला होता.

आबा मुक्कामाला घरी आला. संध्याकाळी ओसरीवर निकिता त्याच्याजवळ जाऊन बसली.

“आबा, कट म्हटल्यावर थांबले काहून नाही तुमी?”

“कट म्हंजे काय, कोणाले ठाव होतं? म्हातारे जेवून राह्यले होते. त्याइच्या आधी उठाव कसं? अन् ताटात अन्न टाकून?”

“मंग तुले माहीत होतं, सिनेमात तू नाही म्हणून?”

“टॉकीजात पाह्यलं तवाच वळखलं. तो सदराच माहा नव्हता. पण माह्या मायनं बोट दाखोलं, थो पाहा माहा रामकिसन. मंग काय सांगू तिले?”

‘चुकलं’ म्हणायचं सोडून निकिता पाणी आणायला आत गेली. दुपारी हजारभर माणसांसमोर धडधडा बोलणारी ती.

आईनं पानं वाढली. आबा दोन घास जेवला आणि ताट सरकवून उठला. अर्धी भाकर, वरणभात तसाच. हा माणूस ताटात शीत ठेवत नसे, निकितालाही ठेवू देत नसे.

“मामंजी, भूक नाही का?” आईनं विचारलं.

“भूक त हाय,” आबा म्हणाला आणि हात धुवायला गेला.

निकितानं ते ताट आपल्याकडे ओढलं. दुपारचं ‘भुक्कड’ आठवत तिनं शीत न् शीत संपवलं. ओसरीवर आबा बसला होता, घराकडे पाठ करून.