मार्कची होडी

मार्क गेल्यावर वर्षभर याकोब मास्तरांनी त्याच्या शिडाच्या होडीला हात लावला नव्हता. मुंबईत कुणीतरी भंगारात काढलेली ती होडी पोरानं ट्रेलरवर घालून राहुरीजवळच्या त्यांच्या गावी आणली होती. डागडुजी करून मुळा धरणाच्या पाण्यात सोडायची, असं त्याच्या मनात होतं. सुट्टीला आला की घरात कमी आणि घरामागं ठोकळ्यांवर चढवलेल्या त्या होडीतच जास्त. झोपायचाही तिथंच. मग पुण्याच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं आणि सगळंच थांबलं.

त्याची आई रेबेका मात्र रोज दुपारी शिडी लावून होडीतल्या खोलीत उतरायची. पडून राहायची आणि डोळे सुजवून बाहेर यायची. आत बुरशी माजलेली, तळाला साचलेल्या पाण्याचा कुजका वास. ती खोकायला लागली तेव्हा मास्तरांच्या मनानं घेतलं, की एवढी जागा स्वच्छ केली तर हिचा जीवही थोडा हलका होईल.

ती बहिणीकडे जामखेडला गेली, तशी मास्तरांनी कंबर कसली. तळातलं पाणी डब्याडब्यानं उपसलं. सोड्याच्या पाण्यानं फळ्या घासल्या. लाकडावर जागोजागी मार्कनं पेन्सिलीनं मापं टिपून ठेवली होती. मास्तरांचा हात अडखळला. पण असं थांबत राहिलो तर काम व्हायचं नाही, म्हणून त्यांनी पॉलिशपेपर जोरात फिरवला. वर व्हार्निशचे दोन हात दिले. कुबट गादी-उशी उकिरड्यावर नेऊन जाळली आणि रेक्झिनची नवी गादी टाकली. ते सगळं चकाकताना बघून त्यांना वर्षात पहिल्यांदाच कडकडून भूक लागली.

रेबेका आली. पिशवी ओट्यावर ठेवून सरळ होडीत उतरली. मास्तर शिडीपाशी उभे राहिले.

"बरं झालंय ना गं?" त्यांनी वाकून विचारलं.

"त्याची उशी कुठंय?"

"ती पार सडली हुती. जाळली."

ती फळीवर नाक टेकवून हुंगत होती. इकडून तिकडं, कोपऱ्याकोपऱ्यात.

"अहो, त्याचा वास हुता हितं," ती म्हणाली. "घरात कुठंच न्हाई ऱ्हायला. फक्त हितंच हुता."

"मला वाटलं, तुला..."

"मला इचारायचं तरी हुतं."

तिनं आरडाओरडा केला नाही. सावकाश वर आली, त्यांनी पुढं केलेला हात न धरता उतरली. त्या दिवसापासून तिनं घराचं मागचं दार उघडलंच नाही. मास्तर एकदा एकटेच आत जाऊन बसले, खोल खोल श्वास घेतला. नुसतं व्हार्निश नाकात झोंबलं.

रविवारी प्रार्थनेनंतर शेजारचा हनुमंत चार पाहुणे घेऊन होडी बघायला आला. "मास्तर, नवी कोरी केली की वो!" तो म्हणाला. पाहुणे गादीवर बसून फोटो काढू लागले.

रेबेकानं सगळ्यांसाठी चहा ठेवला. ट्रे मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "जावा, घेऊन जावा. लोकं आल्यात तुमची होडी बघाया."