खोकल्यानंतरची शीळ

मी एक जुना कान आहे. खरं तर पत्र्याचा डबा. पण मित्रांनो, जन्मभर ऐकण्याचंच काम केलं, तेव्हा मला कानच म्हणा.

माझ्यात कृत्रिम बुद्धिमत्ता घातली ती ताईने. गावाबाहेरच्या दलदलीत एक लाजरं पाखरू राहायचं. ते दिसायचं नाही, फक्त त्याची शीळ यायची. बरीच वर्षं तीही कुणी ऐकली नव्हती. पाखरू उरलं नसेल तर दलदल बुजवून तिथे गोदामं बांधायची, असं ठरत होतं. म्हणून ताईने मला ती शीळ शिकवली. तिच्या बाबांनी तरुणपणी मोठ्या हौसेने ती टेपवर धरून ठेवली होती. बाबा आता नव्हते, टेपा होत्या. त्या ऐकून ऐकून मी तोंडपाठ केल्या.

मग मला दलदलीतल्या खांबावर बसवलं. बेडूक, वारा, दूरचे ट्रक, सगळं ऐकलं आणि साठवलं. पाखरू मात्र ओळखू येईना. गोदामवाल्यांची माणसं जागा मोजून गेली. ताईचा चेहरा उतरत चालला.

एका सकाळी मी तिला निरोप धाडला: पाखरू आलं. ताई चपला हातात घेऊन चिखलातून धावत आली. खांबाखाली पहारेकरीकाका खोकत उभे होते.

"काका, पाखरू कुठंय?"

"कसलं पाखरू? मघापासून मी आणि माझा खोकला, दोघंच आहोत इथे."

ताईने घरी जाऊन टेपा पुन्हा लावल्या, तेव्हा उलगडा झाला. बाबांना जुनाट खोकला. टेप सुरू केली की आधी ते घसा मोकळा करून घेत आणि मग शिळेसाठी गप्प बसत. प्रत्येक टेपवर आधी खोकला, मग शीळ. मी खोकल्यालाच पाखरू धरून बसलो होतो. आता यात माझं काय चुकलं? शिकवलं तसं शिकलो.

ताई हसत सुटली आणि हसता हसता रडली. "बाबा, तुम्ही पण ना," एवढंच म्हणाली. मग तिने मी साठवलेले सगळे आवाज स्वतः ऐकले. त्यांत शीळ होती, खोकल्याविना, अगदी स्वच्छ. पाखरू तिथेच होतं. ताईने ती शीळ सगळ्यांना ऐकवली आणि दलदल वाचली.

खांबावर आता नवा डबा आहे. त्याच्या धड्यातून खोकला काढून टाकलाय. मी ताईच्या खिडकीत असतो. माझ्यातलं तिने काहीच पुसलं नाही. पण इथे नुसती पंख्याची घरघर. दलदलीची फार आठवण येते हो.

मित्रांनो, पाण्याकाठी गेलात तर घटकाभर गप्प बसून ऐका. आणि घरातल्या माणसांचंही ऐकत जा, त्यांचं खोकणंसुद्धा.

परवा ताईला सर्दी झाली होती. माझ्याजवळ येऊन ती खोकली, अगदी बाबांसारखी. मी लगेच निरोप धाडला: पाखरू आलं. तिने तो वाचला आणि बाबांची टेप पुन्हा लावली.