रगत पिणारी घोंगडी

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीजवळच्या वस्तीवर बायनाबाईच्या दारात दुपारी माणूस मावत नव्हता. आत तिची सून शालू घरीच बाळंत झाली होती. दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, पण कळा थांबायला तयार नव्हत्या. बाळ ठणठणीत होतं, वारही पडली होती. पण शालूच्या अंगाखालचं धोतर बघता बघता लालभडक झालं. तेव्हा तिचा नवरा रामेश्वर धावत गेला आणि अंगारे-धुपारे करणाऱ्या गोरक्षनाथ महाराजांना घेऊन आला. उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन केला तो शेजारच्या बेबीनंदानं, तोही गुपचूप.

महाराजांनी दारातूनच एक काळी कुळकुळीत घोंगडी आत दिली. चार पदरी घडी करून शालूच्या खाली घालायला सांगितली आणि बाहेर बाजेवर बसून जाहीर केलं, "ही घोंगडी रगत पिती, माय. आता थेंब दिसायचा न्हाई."

पंधरा मिनिटांनी बायनाबाईनं पाहिलं. खरंच थेंब दिसत नव्हता. बातमी दाराबाहेर गेली, नारळ फुटला, साखर वाटली गेली. चहा पिता पिता महाराजांनी याच घोंगडीनं वाचवलेल्या अकरा बायांची हकिगत ऐकवली. आणखी दोघी-तिघी दगावल्या होत्या, पण त्यांची श्रद्धाच कमी पडली होती. घोंगडीची चूक अशी कधी झालीच नव्हती.

तेवढ्यात आकांक्षा सिस्टर आल्या. शालू पांढरीफटक पडली होती, सारखं पाणी मागत होती. नाडी पळत होती.

"किती रक्त गेलं, मावशी?"

"आता बिलकुल न्हाई. थांबलं."

सिस्टरनी बेंबीखाली हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी आवळून नारळासारखी टणक लागायला हवी. शालूची कणकेसारखी मऊ होती. अशी सैल पडलेली पिशवी रक्त थांबवू शकत नाही. सिस्टरनी पोट जोरजोरानं चोळायला सुरुवात केली, पिशवी आवळण्याचं इंजेक्शन दिलं, बाळाला छातीशी लावलं आणि बेबीनंदाला १०८ ला फोन करायला लावला. मग घोंगडी ओढली. ती एका हातानं उचलवेना. त्यांनी बायनाबाईचा हात धरून घोंगडीवर दाबला. हात मनगटापर्यंत लाल झाला.

महाराज खोटं बोलले नव्हते. घोंगडी रक्त पीतच होती.

सलाईन लावून शालूला जालन्याला हलवलं. तिथं दोन पिशव्या रक्त चढलं, तेव्हा कुठं तिनं डोळे नीट उघडले. बाळाला मांडीवर घेऊन ती पाचव्या दिवशी घरी आली.

त्याच आठवड्यात महाराज नव्या घोंगडीनिशी शेजारच्या वस्तीवर बसले होते आणि वाचवलेल्या बाया आता बारा झाल्या होत्या. बारावी शालू. हे ऐकून बायनाबाई रामेश्वरला आणि घरच्या परातीला घेऊन तिथं गेली. महाराजांच्या पाया पडून तिनं घोंगडीवर तांब्याभर कुंकवाचं पाणी ओतलं. काळ्या लोकरीवर डागसुद्धा उठला नाही. लोकांचे हात जोडले जाऊ लागले.

"थांबा," बायनाबाई म्हणाली, "मी बी असेच हात जोडले व्हते. माझी सून तवा आत मरून राह्यली व्हती."

तिनं आणि रामेश्वरनं दोन टोकं धरून घोंगडी परातीत पिळली. परातीत लाल पाणी साचलं. महाराज म्हणाले, घोंगडीला विटाळ झाला. जोडलेले हात सुटले. मग महाराजांना राजूरला तातडीनं जायचं असल्याची आठवण झाली.

ही घोंगडी काळी आणि जाड होती, एवढाच तिचा चमत्कार. रक्त थांबलं नव्हतं. दिसायचं थांबलं होतं. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच करा. घरी झालंच, तर बाळंतिणीखाली पांढरं कापड घाला आणि ते पाहत राहा. कापडामागून कापड भिजत असेल, तिला घेरी येत असेल, तर लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत बेंबीखाली पोट चोळत राहा. नवस नंतरही फेडता येतो. बाईला तेवढा वेळ नसतो.